सोमशर्म्याची आई

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात एक कंजूष ब्राह्मण आहे. भिक्षेतून उरलेलं सातूचं पीठ त्याने मडक्यात साठवलंय, मडकं खुंटीला टांगलंय आणि त्याखाली खाट टाकून तो रात्रभर त्याच्याकडे टक लावून पडलाय. दुष्काळ पडला की या पिठाचे शंभर रुपये येतील. त्यात दोन शेळ्या. शेळ्यांतून गाई, गाईंतून म्हशी, म्हशींतून घोड्या, घोड्यांच्या शिंगरांतून सोनं, सोन्यातून चौसोपी वाडा. मग कुणीतरी आपणहून दारी येऊन रूपवान मुलगी देईल, वर हुंडाही देईल. मुलगा होईल. त्याचं नाव सोमशर्मा. तो रांगायला लागला की मी पोथी घेऊन तबेल्यामागे बसेन. पोरगं आईच्या मांडीवरून उतरून घोड्यांच्या खुरांपाशी येईल. मी बायकोला ओरडून सांगेन, त्याला उचल. ती घरकामात, तिला ऐकू जाणार नाही. मग मी उठून तिला एक लाथ हाणेन. लाथ बसते मडक्याला, आणि ब्राह्मण पिठाने पांढराफटक होतो.

शाळेत ही गोष्ट लोभाची म्हणून शिकवतात आणि सगळे मडक्याला हसतात. पण ती आधी लोभाची नाही, संसाराची आहे. शेळ्या-गाई ही नुसती शिडी. तिच्या टोकाला बायको, मूल आणि मुलाचं नाव आहे. मला त्यात मोलाची वाटते ती लाथ. सगळं जग आपल्याच मनाने उभं केलेलं असताना या गृहस्थाला ऐकणारी बायको काही रचता आली नाही. शिवाय, उठलाच होता तर पोराला स्वतः उचलता आलं असतं, हेही त्याला सुचलं नाही. पुढे कधीतरी होणाऱ्या आपल्या कुटुंबाची जी चित्रं माणसं मनात रंगवतात, त्यांचा आढावा घ्यायचा तर सोमशर्म्याच्या आईपासूनच सुरुवात करावी लागते. ती स्वप्नात आहे. पण तिला काय हवंय, हे त्या स्वप्नात कुठेच नाही.

ही गोष्ट फार फिरली. हितोपदेशात तिचा नायक देवशर्मा होतो, कुंभाराच्या मांडवात झोपतो, एकदम चार बायका करतो आणि त्यांची भांडणं सोडवायला काठी फिरवून कुंभाराची मडकी फोडतो. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ती अरबीत नेली. तिथे मध-तुपाचं भांडं बाळगणारा एक फकीर आहे आणि काठी उगारली जाते ती मुलाला वळण लावण्यासाठी. १६७८ साली ला फोंतेनच्या फ्रेंच दंतकथांत डोक्यावर दुधाचं भांडं घेतलेली गवळण येते. तिच्या स्वप्नात अंडी, कोंबड्या, डुक्कर, गाय, वासरू एवढंच आहे. नवरा-मुलांचा पत्ता नाही. स्वप्न बाईकडे आलं तेव्हा त्यातून मारहाण गेली आणि संसारही गेला, ही गंमत मला अर्थपूर्ण वाटते, पण तिच्यावर फार भार टाकत नाही. आपल्याकडे मात्र तीच गोष्ट सहा शब्दांत उरली: बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तूर अजून बाजारात आहे. वरण कसं करायचं यावरून मारामारी सुरू झालेली आहे.

अशा मनोराज्यांकडे शास्त्राने गंभीरपणे पाहायला सुरुवात केली त्याला शंभरेक वर्षं झाली. फ्रॉइडच्या १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या दिवास्वप्नांवरच्या निबंधात एक उदाहरण आहे. एक गरीब, पोरका तरुण नोकरी मागायला निघालाय. वाटेत तो मनाशी रंगवतो की नोकरी मिळेल, मालकाची मर्जी बसेल, त्याच्या मुलीशी लग्न होईल, पुढे धंदाही आपल्या हाती येईल. फ्रॉइडचं म्हणणं असं, की या भविष्यात त्या मुलाने लहानपणी गमावलेलं छप्पर आणि माया परत मिळवलेली असते. फ्रॉइडचं बरंच काही आज कुणी मानत नाही. हे एक निरीक्षण मात्र प्रयोगशाळेतून जवळपास खरं ठरून आलं. २००७ साली लंडनमध्ये डेमिस हसाबिस आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा होऊन स्मृती गेलेल्या काही रुग्णांना एखादा नवा प्रसंग कल्पून सांगायला सांगितलं. त्यांना तो नीट सांगता येईना. चित्राचे सुटे तुकडे पडत, त्यांची जागा लागत नसे. मागचं आठवायला आणि पुढचं कल्पायला मेंदू बऱ्याच अंशी एकच यंत्रणा वापरतो, असं आता मानलं जातं.

यातून एक रोजची गोष्ट उलगडते. पुण्यात किंवा ठाण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, कर्जाचे हप्ते फेडणारी मुलं-मुलीसुद्धा आपल्या 'पुढच्या' घरात ओसरी घालतात, झोपाळा घालतात, सुट्टीत आलेली भावंडं घालतात. ते घर आजोळचं असतं. आजोळी चुलीपाशी कोण घामाघूम व्हायचं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद होतं, हे आठ वर्षांच्या पोराला ठाऊकच नसतं; त्यामुळे ते आठवणीत नसतं आणि स्वप्नातही उतरत नाही. भविष्याचं घर भूतकाळाच्या विटांनी बांधलं जातं, त्यातही मुलाच्या उंचीवरून दिसलेल्या. मामीला विचारून कुणी बांधत नाही.

मनाच्या भटकण्याबद्दलची एक आकडेवारी फार मिरवली जाते. २०१० साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना फोनवरून अधूनमधून विचारलं: आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामापासून दूर होतं, आणि अशा वेळी माणसं सरासरीने कमी समाधानी होती. यावरून दिवास्वप्न वाईट असा डांगोरा पिटला गेला. त्याच्या बऱ्याच आधी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम सिंगर यांनी दिवास्वप्नांचे प्रकार वेगळे करून दाखवले होते. अपराधीपणा आणि भीती चघळणारं मन निराळं, आणि योजना आखत खेळणारं निराळं.

आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचं काम मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांचं आहे. २००२ सालच्या त्यांच्या अभ्यासात एक गट कुणाच्यातरी प्रेमात असलेल्या, पण अजून काही न बोललेल्या विद्यार्थ्यांचा होता. ज्यांची स्वप्नं सर्वात गोड, त्यांचं प्रकरण पुढे सरकण्याची शक्यता कमी निघाली. हे आपलं जमेल असं वाटणं वेगळं आणि जमलंय असं मनात उपभोगून घेणं वेगळं. पहिल्याने माणूस हालचाल करतो, दुसऱ्याने पोट भरतं. मनात मांडे खाल्ल्यावर परात कोण घेणार? ओटिंगेन यांचा उपाय साधा आहे: हवं ते नीट रंगवा, आणि लगेच त्याच्या आड काय येतं तेही तितकंच स्पष्ट रंगवा.

हे वाचताना मला भोंडला आठवला. आश्विनात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुली काय गात होत्या? सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू सांगते, आधी कारल्याचा वेल लाव. मग कारलं येऊ दे, भाजी होऊ दे, जेवण होऊ दे, आणि शेवटी तिला दुसऱ्याकडे धाडते. दुसऱ्या एका गाण्यात नवरा साफ वेडा आहे. बायको काहीही करून ठेवो, तो भलताच अर्थ काढून घोटाळा घालतो. फेर चालू आहे, खिरापत काय आहे ते ओळखायचं आहे, आणि सगळ्याजणी हसत हसत भावी संसारातल्या अडचणींची यादी पाठ करताहेत. भातुकलीत संसार गोड होता, भोंडल्यात त्याची दुसरी बाजू होती. आड काय येतं हे मुलींना गाण्यातून मिळत होतं. मुलग्यांसाठी असा एकही खेळ आपल्या परंपरेने केलेला मला माहीत नाही. विटीदांडूत बायको नाही.

तरी या परंपरेचं फार कौतुक करण्याचं कारण नाही. अडचण दाखवली ती सोसायला शिकवण्यासाठी, वाट बदलण्यासाठी नव्हे. जात्यावरच्या ओव्यांत हे ठळक दिसतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या. त्यांत भाऊ आहे, लेक आहे, आई आहे, विठोबा आहे. मायेचे सगळे रंग आहेत. पण दुसरंच एखादं आयुष्य मागायचं झालं की ती बाई बहुतेक वेळा पुढच्या जन्माकडे बघते किंवा लेकीकडे. स्वप्न बघायला वयही लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. ऊसतोडीत मजुरीची उचल 'कोयत्या'वर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जिथे मुकादमाच्या वहीत जोडी हेच एकक आहे, तिथे पोरीने भावी कुटुंबाबद्दल काय कल्पिलं होतं हे विचारायला कुणाला सवड असणार? गेल्या काही वर्षांत आलेल्या 'स्थळ' या मराठी चित्रपटात शिकू पाहणाऱ्या मुलीला पुन्हा पुन्हा पाटावर बसवून नाव, शिक्षण, उंची विचारली जाते. तिला काय हवंय हा प्रश्न त्या बैठकीत बसतच नाही.

सोमशर्मा हे नाव मुलग्याचं आहे, हेही विसरायला नको. आपल्या मनोराज्यात येणारं मूल शेकडो वर्षं मुलगाच होतं, आणि विसाव्या शतकाच्या शेवटी यंत्र मिळाल्यावर लोकांनी स्वप्न तपासून घ्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मधल्या ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर घसरली. त्याच २०११ साली साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींचा नामांतराचा सोहळा झाला. मूल कल्पनेत आधी येतं आणि घरात नंतर, याची इतकी उघडी खूण दुसरी नसेल. या मुलींच्या नावातच नोंदवून ठेवलं होतं की घरच्यांनी रंगवलेलं मूल हे नव्हे.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून लग्नाळू तरुण वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. मुली मिळत नाहीत, ही तक्रार. गर्भलिंग चाचणीविरोधी कायदा कडक राबवा, ही एक मागणी. वर्तमानपत्रांनी ते बरंचसं विनोदी अंगाने छापलं. त्यात हसण्यासारखं फारसं नाही. यातले काहीजण २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतले असतील, म्हणजे ९१३ च्या आकड्यातला हजारावा मुलगा. दुसरं कारणही तितकंच खरं: शेतकरी नवरा नको, असं मुली आणि त्यांच्या आया स्पष्ट म्हणू लागल्या. शेणा-मातीचं काम, पाण्याची हमी नाही, भावाची हमी नाही. आईने ते आयुष्य काढलेलं आहे आणि तिला लेकीसाठी ते नको आहे. इथे प्रथमच समोरच्या पात्राने मनोराज्यात भूमिका घ्यायला नकार दिला. मोर्चातल्या मुलांचं दुःख खरं आहे. पण 'मुली मिळत नाहीत' हे वाक्य जिल्हाधिकाऱ्यासमोर खत मिळत नाही या चालीवर म्हटलं जातं, तेव्हा शंका येते, की मुलींनी का नाकारलं हा प्रश्न अजून ऐकूच गेलेला नाही.

सरकारनेही आपल्यासाठी कुटुंब कल्पिलं होतं. भारताने १९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि पुढे लाल उलटा त्रिकोण आणि चार हसरे चेहरे प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर आले: आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी. घराघरांतली स्वप्नं हळूहळू त्या मापाची झाली. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ होता, म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी राखायला लागणाऱ्या २.१ पेक्षा कमी. भिंतीवरच्या चित्रापेक्षाही संसार आखूड झाला. त्यात घरांच्या किमती आहेत, शाळेची फी आहे, पाळणाघर आहे, आणि पोराला उचलायला कोण उठणार याचा न सुटलेला वाद आहे.

या सगळ्याच्या कितीतरी आधी एक माणूस उलट टोकाला उभा होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सने आपलं केंद्र काढलं तेही त्याच वर्षी. या कामापायी कर्व्यांची विल्सन महाविद्यालयातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले झेलले. त्यातल्या एकात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी मूल होऊ दिलं नाही. मनातल्या संसाराच्या चित्रात मुलाची जागा मोकळी ठेवता येते, आणि ती बाईच्या मर्जीवर असावी, हे मराठीत इतक्या रोखठोकपणे आधी कुणी मांडलं नव्हतं. शंभर वर्षांनी 'मूल नको' म्हणणाऱ्या जोडप्याला आजही नातेवाईक तीच उत्तरं देतात, जी तेव्हाचे वाचक देत होते.

नातेवाइकांचं स्वप्न हा या विषयातला दुर्लक्षित कोपरा आहे. भावी कुटुंबाची चित्रं तरुणच रंगवतात असं आपण धरून चालतो. साठीच्या आया-बाबांकडे बघा. न जन्मलेल्या नातवाची दुपटी त्यांनी शिवून ठेवलेली असतात, मुलगा न्यू जर्सीत असला तर पासपोर्टही काढून ठेवलेला असतो. मे २०२२ मध्ये हरिद्वारच्या एका जोडप्याने वर्षभरात नातवंड द्या, नाहीतर पाच कोटी रुपये द्या, असा दावा मुलगा-सुनेवर लावला. मुलाच्या शिक्षणावर पैसा ओतला, आता हातात काही नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. आपण हसतो खरे, पण बारशाला 'आता दुसरं कधी?' विचारणारी मावशी त्याच न्यायालयात उभी असते, फक्त वकील न करता.

मूल न झालेल्यांचं मनोराज्य निराळ्या जातीचं. इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम्ब आजन्म अविवाहित राहिला, आजारी बहिणीला सांभाळत. १८२२ मध्ये त्याचा एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात तो ॲलिस आणि जॉन या आपल्या मुलांना त्यांच्या पणजीच्या घराच्या गोष्टी सांगतो. मुलं ऐकता ऐकता पाय हलवतात, भुवया उंचावतात, आणि शेवटी फिकट होत जाऊन सांगतात की आम्ही तुझी कुणीच नाही. आपल्या आढाव्यात हे एकच स्वप्न असं सापडतं, की ज्यातली माणसं स्वप्न बघणाऱ्याला उलटून बोलतात. लॅम्बही ते निमूट ऐकतो.

लॅम्बच्या काळी नव्हती अशी सोय आज मूल न झालेल्या अनेकांपुढे आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून नळीतलं बाळ जन्मलं, आणि ज्यांनी चित्र मिटून ठेवलं होतं त्यांनी ते पुन्हा उघडलं. आज जिल्ह्याच्या गावीसुद्धा अशा केंद्रांच्या पाट्या आहेत. पाटीवरचं बाळ नेहमी गोरं आणि गुटगुटीत असतं. फसलेल्या फेऱ्या, इंजेक्शनांनी काळीनिळी पडलेली पोटं आणि काढलेली कर्जं पाटीवर मावत नाहीत.

आणि मग कायदा येतो, जो ठरवतो की कुणाचं मनोराज्य नोंदवून घ्यायचं. २०२१ च्या सरोगसी कायद्याने व्यापारी सरोगसी बंद केली. एकट्या बाईला मुभा आहे, पण ती विधवा किंवा घटस्फोटित आणि ३५ ते ४५ वयाची असली तरच. लग्नच न केलेली बाई त्यात बसत नाही. दत्तक घ्यायला मात्र ती चालते. एकटा पुरुषही दत्तक घेऊ शकतो, फक्त मुलगी घेऊ शकत नाही. मुंबईत तृतीयपंथीयांसाठी काम करणाऱ्या, स्वतः तृतीयपंथी असलेल्या गौरी सावंत यांनी आई गमावलेल्या एका मुलीला वाढवलं, आणि २०१७ मध्ये एका औषधाच्या जाहिरातीतून ती गोष्ट देशभर पोचली. जाहिरात पाहून डोळे पुसणाऱ्यांपैकी कितीजणांना अशा दत्तकातली कायद्याची अडचण माहीत होती, कोण जाणे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी जोडप्यांच्या विवाहाचा हक्क मान्य करायला नकार दिला. अविवाहित जोडप्यांना एकत्र दत्तक घेता यावं का, या प्रश्नावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फाटाफूट झाली आणि नकार देणाऱ्या तिघांचं मत टिकलं. त्यामुळे दोघींनी मिळून कितीही वर्षं खोली रंगवून, नाव ठरवून ठेवलं असलं तरी दत्तकाचा अर्ज एकीलाच करावा लागतो. रात्री मूल रडलं की दुसरी उठेल, त्याला उचलेल, फिरवेल. दवाखान्यात किंवा शाळेत पालक म्हणून कुणाचं नाव लिहायचं, हे विचारलं गेलं की तिला बाजूला व्हावं लागेल.